साडूचं मशीन

माझ्या साडूला सोन्याची अंगठी सापडली तेव्हा मला या छंदात सात वर्षं झाली होती आणि त्याला तीन रविवार.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर कुणाच्या तरी इमारतीच्या तळाशी वाकलेला असतो, म्हणून रविवारी मोकळ्या जागेत धातू शोधायचं यंत्र घेऊन हिंडायचो. लोकांना वाटतं, यंत्र फिरवलं की हंडाच लागतो. यंत्राला सोनं कळत नाही. त्याला फक्त धातू कळतो, तोही वीतभर खोल, नशीब असलं तर थोडा अधिक. चॉकलेटवरची चांदी आणि सोन्याची अंगठी दोन्ही त्याला जवळपास सारख्याच. हिरा, मोती, हाड, लाकूड, कागद यांतलं काहीही पुरलेलं असलं, तर त्याच्यावर दिवसभर उभे राहा, यंत्र मुकं. सात वर्षांत माझ्या वाट्याला आले ते खिळे, किल्ल्या, चमचे, चाकं नसलेली एक खेळण्यातली मोटार आणि बाटल्यांची झाकणं. ही झाकणं मी जुन्या टूथब्रशने घासून, पुसून एका डब्यात ठेवायचो.

बायको म्हणायची, "भंगारवालासुद्धा इतकं घासूनपुसून ठेवत नाही हो."

साडूचं फरशांचं दुकान. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्याने हसणारा, कुणाच्याही घरात शिरला की पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघरात पोचणारा. माझं पाहून त्यानेही मशीन घेतलं, पडदा असलेलं, महागडं. "दादा, कुठे फिरवू?" म्हणून माझ्याचकडे आला. नदीकाठी जुना होडीचा धक्का होता, तिथली वाळू मीच त्याला दाखवली. ती मी तीनदा चाळली होती आणि तिथे काही नाही याची मला खात्री होती, म्हणूनच दाखवली. तिथेच त्याला अंगठी मिळाली. आयत्या बिळावर नागोबा! पेपरात फोटो आला. बायकोने तो कापून फ्रिजवर लावला. पाणी प्यायला गेलं की साडू अंगठी धरून माझ्याकडे बघून हसायचा. मी तहान मारायला शिकलो.

हे चालू असताना सासऱ्यांची अंगठी हरवली. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. घरामागे चार वाफे आहेत. घेवड्याचे वेल बांधताना लग्नातली अंगठी बोटातून गळून पडली. बोटं वाळली होती, त्यांना कळलंही नाही.

"रविवारी धाकटीचा नवरा मशीन घेऊन जाणार आहे," बायको म्हणाली.

"आणि मी?"

"तुमचं काही बोलले नाहीत बाबा."

ती सहज म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. माझा मात्र तिळपापड झाला. थोरला जावई मी. सात वर्षं मशीन हातात घेऊन हिंडणारा मी. आणि बोलावणं कुणाला, तर परवा शिकलेल्याला!

शनिवारी दुपारी मी फाटकाची कडी नीट करायच्या निमित्ताने सासऱ्यांकडे गेलो. ते वामकुक्षी घेत होते. पिशवीत माझा झाकणांचा डबा होता. डबा मी मुद्दाम नेला होता, खोटं कशाला बोलू? आधीच जाऊन अंगठी आपणच शोधावी, असं मनात आलं नाही असं नाही. पण न बोलावता गेलो आणि नाही सापडली तर? माझा अनुभव सांगत होता, नाहीच सापडणार. त्यापेक्षा त्यालाही सापडू नये, हे सोपं होतं.

मी गुडघ्यांवर बसून चारही वाफ्यांत झाकणं पेरली. स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायचं, झाकण आत सरकवायचं, वर माती दाबायची. मधे खिळे, मधे चॉकलेटच्या चांदीच्या गोळ्या. डबा रिकामा झाला तेव्हाच उठलो. मग फाटकाची कडीसुद्धा नीट केली.

रविवारी सगळे जमले. साडूने कानाला हेडफोन लावला, मशीन फिरवलं, आणि पहिल्याच पावलाला ते बोललं. त्याने खणलं. झाकण. सगळे हसले, तोही हसला. दुसरं पाऊल, झाकण. तिसरं, खिळा. तासाभरात त्याचा सदरा पाठीला चिकटला. मेहुणीचं हसणं थांबलं.

"दादा, हे काय होतंय हो? तुमचा अनुभव दांडगा."

"जुनी जागा आहे," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो. "कचरा फार असतो. तुझ्या मशीनवर लोखंड गाळायची सोय आहे ना? ती लाव, म्हणजे कटकट नको."

त्याने लावली. झाकणांवरून जाताना मशीन गप्प राहू लागलं. मग ते फक्त चांदीच्या गोळ्यांवर ओरडायचं, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा उजळायचा. तो चेहरा विझताना बघायला मला आवडत होतं. दुपारी तो पायरीवर बसला, दोन्ही हात मातीने भरलेले. "माफ करा बाबा. मला नाही जमलं."

"राहू द्या," सासरे म्हणाले. "अंगठीच तर आहे." आणि बोटावरचा फिकट वळ अंगठ्याने चोळत राहिले. मग त्यांनी ढिगातलं एक झाकण उचललं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं आणि खिशात टाकलं.

मंगळवारी मी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरपाशी होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. "संध्याकाळी या. मशीन घेऊन या."

गेलो. टेबलावर साडूने खणलेली झाकणं ओळीने मांडली होती.

"जावईबापू, मी नोकरी काय केली?"

"छापखान्यात. मुद्रितं तपासायचात."

"अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचल्या. हे सरबत बंद होऊन पंचवीस वर्षं झाली असतील. आणि झाकणाला गंज नाही, कडेच्या खाचांत ब्रशचे ओरखडे आहेत. माझ्या मातीत टूथब्रश कुठून आला?"

मी खाली बघत उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळेत मार खाताना उभा राहायचो तसा.

"का केलंत?" त्यांचा आवाज चढला नव्हता.

"तुम्ही त्याला बोलावलंत. मला नाही."

"तुमची पाठ धरलेली असते. थोरली सांगते, रात्री कूस वळवता येत नाही तुम्हाला. म्हटलं, वाकायचं काम दुसऱ्याला सांगावं. तो दिवसभर खुर्चीत असतो." त्यांनी झाकणं माझ्याकडे सरकवली. "आता जे पेरलंत ते उपटा. सगळं."

तीन संध्याकाळी मी ते वाफे उपसले. कुठे काय पुरलं ते मलाच आठवत नव्हतं. माझ्या जुन्या मशीनला लोखंड गाळता येत नाही, ते कशावरही ओरडतं. गुरुवारी, घेवड्याच्या शेवटच्या काठीपाशी ते ओरडलं. झाकण निघालं. खड्ड्यावरून पुन्हा एकदा फिरवायची मला सवय आहे. ते पुन्हा बोललं, बारीक, स्वच्छ. मी बोटांनी माती बाजूला केली. दोन बोटं खाली अंगठी आडवी पडली होती.

वर लोखंड असलं की खालच्या सोन्याचा आवाज त्यात दबतो. झाकण मी नेमकं अंगठीच्याच डोक्यावर दाबलं होतं. आणि लोखंड गाळ, असं मीच सांगितल्यामुळे साडूचं मशीन तिच्यावरून मुकाट निघून गेलं होतं.

सात वर्षांतलं माझं पहिलं सोनं. मी ते मुठीत धरून तसाच मातीत बसलो. कुणाला हाक मारून दाखवावं असं एकही माणूस मला सुचेना.

सासऱ्यांनी अंगठी घातली, ती पुन्हा निसटली, मग त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला. डोळे पुसून म्हणाले, "धाकट्याला मी सांगणार नाही. चूक तुमची, दुरुस्ती तुमची."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकाला न्हाणीघराच्या फरशा दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो हसेल. त्याच्या हसण्याची मी चीड बाळगली होती, आणि आता तेच हवं होतं.

"मशीन सोमवारीच देऊन टाकलं मी," तो म्हणाला. "वाटलं, पहिली अंगठी नशिबाने लागली, आपल्याला यातलं काही येत नाही." नमुन्याच्या फरशीवरची धूळ त्याने तळहाताने पुसली. "ती नदीवरची सापडली ना, तेव्हा पहिला फोन तुम्हाला केला होता दादा. बायकोला नंतर. तुम्ही उचलला नाहीत."

तो फोन मला आठवत होता. मी उचलला नव्हता, कारण मेहुणीचा मेसेज आधीच आला होता.

दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. घरी आला तर माझ्या बायकोशी बोलायचा, मला नमस्कार करायचा, बस. मग एका रविवारी सकाळी मीच त्याच्या दारात माझं मशीन घेऊन उभा राहिलो. "एकच आहे. तू फिरव, मी खणतो." त्याने बराच वेळ दाराची कडी धरून ठेवली. "तुमच्या पाठीचं काय?" म्हणाला आणि चपला घालायला आत गेला.

आता पाळी लावून घेतली आहे. गेल्या महिन्यात पाळी त्याची होती. मशीन त्याच्या हातात बोललं, मी खणलं, आणि शिंप्याच्या बोटातलं चांदीचं टोपण निघालं, कडेला वेलबुट्टी असलेलं. घरी पोचताच तो दारातूनच ओरडला, "बघा, दादांना काय सापडलं!"

मला सापडलं नव्हतं. मशीन त्याच्या हातात होतं. पण तो ते इतक्या सहज म्हणाला, आणि सगळे माझ्याभोवती जमले. मी टोपण हातोहात फिरू दिलं. त्याच्या जागी मी असतो तर हे वाक्य माझ्या घशातच अडकलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून त्याचं हसणं ऐकू येत होतं, आणि मला त्या वाक्याचासुद्धा हेवा वाटत होता.