रोशनदानाची दोरी

मित्रांनो, हिमायतनगरमधल्या एका घरात, छताला लागून बसलेला मी एक जुना झरोका आहे. इथले लोक मला रोशनदान म्हणतात. सागवानी चौकट, मधोमध फिरणारी काच आणि खाली लोंबणारी दोरी. दोरी ओढली की मी उघडतो आणि खोलीत वर साठलेली गरम हवा बाहेर सोडतो.

ही दोरी इंदुताईंनी बेगम बाजारातून आणली होती. उन्हाळ्यात दिवेलागणीला त्या अंगणात पाणी शिंपडायच्या आणि मला उघडायच्या. मग खालच्या खिडकीतून गार हवा आत यायची. पाहुणे म्हणायचे, "तुमच्याकडे मे महिना येतच नाही का हो?" मला बरं वाटायचं.

शेवटच्या दुखण्यात त्यांना धुळीने खोकला येई. त्यांनी मला बंद केलं आणि दोरी खिळ्याला गाठ मारून बांधली. त्या गेल्या. मग त्यांचे यजमान एकनाथराव ती गाठ कोणाला सोडू देईनात. घामाने भिजत खुर्चीत बसायचे आणि गाठीकडे बघायचे. माझ्या काचेवर जाळी धरली. मीही थकलो.

त्यांची मुलगी केतकी नुकतीच आर्किटेक्ट झाली होती. एसीशिवाय गार राहणारी घरं बांधायची, असं तिने ठरवलं होतं. पण काम कोणी देईना. अखेर दिलीप नावाचे एक गृहस्थ म्हणाले, "आधी असं एक घर दाखवा." तिच्याजवळ दाखवायला हेच घर होतं.

ते मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "हौ, भिंती जाड आहेत. पण बाई, इथे तर इडली शिजेल. माझ्याकडे एसीच लावू."

केतकीने एकदा गाठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दिलीप चपला घालू लागले.

"थांबा जरा," म्हणत एकनाथराव उठले. गाठ सुटेना. "हिची आई फार घट्ट बांधायची," ते म्हणाले.

"बाबा, मी सोडू?"

"नक्को. तू अंगणात पाणी शिंपड."

गाठ सुटली. मी करकरत उघडलो. सगळी धूळ एकनाथरावांच्या डोक्यावर पडली. थोड्या वेळाने दिलीपनी रुमाल खिशात ठेवला, चपला काढल्या आणि म्हणाले, "चहा टाका. मग तुमचा नकाशा बघू."

दिलीप गेल्यावरही एकनाथराव दोरी धरून उभे होते. "उगाच उकाड्यात बसलो," ते केतकीला म्हणाले. "तिला चाललं नसतं."

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जपा, पण वापरून जपा. मी अजून थकलेलाच आहे, उघडताना कुरकुरतो. पण माझी दोरी आता रोज हात लागून मळते आहे.