पाणचक्कीवाल्याचं गाणं

“बाबा, हे गाणं होतं का हो यात?” लेकीने अंधारात त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

बाबा, म्हणजे गावच्या जुन्या थिएटरात एकेकाळी सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर, खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर म्हातारा पाणचक्कीवाला मुलीच्या बंद दारापुढे बसून गात होता. चक्कीला पाणी मिळावं म्हणून त्याने आपल्या पोरीची सावली चेटकिणीला देऊन टाकली होती आणि आता तो माफी मागत होता. हाताने काढलेल्या चित्रांचा तो सिनेमा इतक्या वर्षांनी पुन्हा लागला होता, आणि हे नवं थिएटर गच्च भरलं होतं. आज्या नातवंडांना घेऊन आल्या होत्या, सगळी गाणी पोरांच्या आधी त्यांच्याच ओठांवर येत होती. याच गाण्याला मात्र सगळ्या गप्प होत्या.

या गावात हे गाणं कोणी ऐकलंच नव्हतं.

सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा ऑपरेटर तिशीत होते. रिळांची पेटी आली त्या सकाळी रिकाम्या थिएटरात ते ती चालवून बघत होते. पत्त्यांचं जागरण झालेलं, खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा फिल्म मशीनमधून सुटून जमिनीवर ढीग झाली होती. काही मशीनने चावली होती, काही त्यांच्याच बुटाखाली आली होती. पाचावर धारण बसली. मालकाला सांगितलं असतं तर नवं रीळ मागवता आलं असतं, पण नोकरी गेली असती. त्यांनी हे अख्खं गाणंच कापलं, दोन टोकं जोडली, आणि चिंध्या पिशवीत भरून गटारात टाकल्या. सिनेमा पंचवीस आठवडे चालला. कोणाला पत्ता लागला नाही.

बायकोला सोडून.

“अहो, पोरगी रागाने दार लावून घेते, आणि लगेच बापाच्या गळ्यात कशी पडते?” तिने जेवताना विचारलं होतं. मालक आणि गेटकीपर पानावर बसले होते. मालकाने मान वर केली. ऑपरेटर घाईने हसले. “झोपली असशील. खुर्चीला पाठ टेकली की घोरतेस. तुला सिनेमातलं काय कळतंय?” सगळे हसले. तीही हसली.

मग ती पुन्हा गेली. पुन्हा गेली. अकरा वेळा तिने तो सिनेमा पाहिला. एकदा तर दोन्ही डोळ्यांना पाणी लावून बसली. घरी येऊन म्हणाली, “आजही निसटलंच बघा. त्याच जागी माझं काहीतरी होतं.” पुढे लेकीला ती गोष्ट सांगताना तिथे आली की ती अडखळायची. “इथलं मला कळलेलं नाही गं. मी जरा मंदच.” जाईपर्यंत ती स्वतःला मंदच म्हणत राहिली. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

दिवे लागले. नात पॉपकॉर्नचा डबा घेऊन पुढे पळाली. लेक जागची उठली नाही.

“आई म्हणायची ते हेच ना? इथे तिला झोप लागायची ते?”

ऑपरेटर पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसले. “ती झोपत नव्हती,” ते म्हणाले. “मी झोपलो होतो.”

त्यांनी सगळं सांगितलं. पिशवी, गटार, काही वगळलं नाही. जेवणाच्या पानावरचं बोलणं सांगताना आवाज इतका खाली गेला की लेकीला “काय?” असं विचारावं लागलं, आणि त्यांना तेच वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं.

“मालकाला नाही सांगितलंत, ते समजू शकते मी,” लेक म्हणाली. “पण तुमचं थिएटर बंद पडून वीस वर्षं झाली बाबा. नंतर तरी आईला सांगायचं.”

“रोज वाटायचं सांगावं.”

“मग?”

“मग ती म्हणाली असती, ‘एवढंच ना?’ आणि जेवण वाढायला लागली असती.” त्यांनी चष्मा काढला. “ते सोसवलं नसतं.”

लेकीने ना समजूत घातली, ना राग केला. झाडूवाली बाई रांगेच्या टोकाला येऊन थांबली तेव्हा ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरू लागली. त्यांचा गुडघा दुखतो हे तिला ठाऊक होतं, पण तिने मागे पाहिलं नाही.

“आजोबा, पाय वर घ्या,” झाडूवाली बाई म्हणाली.

ऑपरेटरनी पाय उचलले, आणि तिचं झाडून होईपर्यंत तसेच अधांतरी धरून बसले.