हाकेचे नाव

शिकागोच्या पश्चिम भागात ज्या नाक्यावर कुणी गोळीला बळी पडले असेल, त्या नाक्यावर त्यानंतरच्या शनिवारी चर्चमधली तरुण गाणारी मुले-मुली उभी राहत. रीत ठरलेली होती: एकीने मृताचे नाव स्वरात पुकारायचे आणि उरलेल्यांनी 'आमचाच' असे उत्तर द्यायचे. पुकारण्याचा मान सतरा वर्षांच्या ऑर्लेथाचा. मार्चमध्ये तिचा थोरला भाऊ कॉर्व्हिन गेला, तेव्हा त्याचे नावही तिनेच पुकारले होते, आणि आवाज कापू दिला नव्हता.

आज ज्याचे नाव घ्यायचे होते, त्यानेच कॉर्व्हिनवर गोळी झाडली होती. आता तोही तसाच मेला होता.

"मी नाही घेणार," नाक्यावरच्या लाँड्रीच्या भिंतीला टेकून ऑर्लेथा म्हणाली.

"नको घेऊस. गाण्याचा झगा काढ आणि घरी जा," सिस्टर ओडेल म्हणाल्या. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना सगळे सिस्टरच म्हणत; या मुलांना गाणे ओडेल यांनीच शिकवले होते. "मेलेला कोण ते बघून रडायला आपण काय निवडणुकीला उभ्या आहोत?"

"तुमचा भाऊ नाही गेला, सिस्टर."

"माझा मुलगा गेलाय, बाळा. चल, सूर लाव."

ऑर्लेथाने मनाशी एक तोड काढली. नियमाचा शब्द पाळायचा. अर्थ पाळण्याचे बंधन तिच्यावर कुणी घातले होते? कागदोपत्री जे नाव होते, तेच तिने निर्दोष स्वरात, एकेक अक्षर सुटे करून पुकारले:

"डेमेट्रियस लव्हेल हॅरिंग्टन!"

उत्तर आले नाही. तीस तोंडे उघडली आणि तशीच राहिली.

"हा कोण गं?" मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजले.

"कुणाचा तरी काका असेल."

"गप्प! आपण चुकीच्या नाक्यावर तर नाही ना आलो?"

समोर घडीच्या खुर्चीत मृताची आजी, मिस व्हर्लीन, बसली होती. टाळीसाठी उचललेले तिचे दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले होते.

"बाळा," ती शांतपणे म्हणाली, "त्या नावानं त्याला फक्त न्यायाधीश हाक मारायचे."

तिच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच ऑर्लेथाची मान खाली गेली. त्याचे हाकेचे नाव तिला ठाऊक होते. इतरांहून अधिक ठाऊक होते, कारण ते तिच्याच घरात ठेवले गेले होते. तिसरीत असताना हाच हाडकुळा पोरगा एकदा शाळेतून कॉर्व्हिनबरोबर आला, आईने वाढलेले नऊ पॅनकेक त्याने मान वर न करता संपवले, आणि कॉर्व्हिन टेबलावर हात आपटत हसत सुटला. त्या संध्याकाळपासून सारी आळी त्या पोराला त्याच नावाने ओळखू लागली. भावाने दिलेले ते नाव गिळून टाकले, तर भावाचाच एक शब्द आपण पुरला असे होईल, हे तिला तिथे उभ्या उभ्या उमगले. क्षमा तिला अजून जमत नव्हती, आणि ती कुणी मागितलीही नव्हती. मागितली होती ती फक्त हाक.

"पॅनकेक!"

आवाज चिरकला. शेवटचे अक्षर सुटण्याआधीच मागून उत्तर उसळले: "आमचाच!" मिस व्हर्लीनची टाळी नेमक्या ठेक्यावर पडली, आणि रांगेतले कुणीतरी रडता रडता हसले.

नाव एकदाच घ्यायचे असे; सिस्टर ओडेल यांनी हात खाली आणलाही होता. ऑर्लेथाने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने श्वास भरून घेतला आणि ते पुन्हा पुकारले, या वेळी एक सूर चढवून.