बारीक सुताची गोळी

मजीदच्या हातून नूरीची गोळी एकदाही चुकली नाही. हे आधीच सांगून ठेवायला हवं. मजीदने बायकोच्या औषधाकडे लक्ष दिलं नाही, असं निजामपुरा मोहल्ल्यात काही लोक अजून बोलतात. ते खरं नाही. त्याने दिलं तेवढं लक्ष कुणी देत नाही.

पहाटेच्या नमाजाला उठला की तो आधी नूरीच्या उशाशी यायचा. काचेचा ग्लास, साधं पाणी, एक गोळी. मग मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर. तो वाजेपर्यंत चहा नाही, पाव नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. बाटली उन्हापासून लांब, कपाटाच्या वरच्या खणात. वहीत तारीख आणि वेळ.

"लूम गेले म्हणून आता माझ्यावर मास्तरकी चालवतात," नूरी लेकीला, रमशाला, म्हणायची. "उद्या मला पन तेल घालतील."

"तुला घालून उपयोग न्हाय," मजीद म्हणायचा. "तू आधीच खडखड करतेस."

मजीद अडतीस वर्षं यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होता. लूम बिघडला की जॉबरला हाक जाते. धागा तुटतोय की धोटा अडकतोय, हे तो आवाजावरून ओळखतो. मजीद सूत चिमटीत धरून त्याचा काउंट सांगायचा. काउंट म्हणजे सुताचा नंबर, आणि तो उलटा चालतो: वीसचं सूत जाड, चाळीसचं त्याहून बारीक, शंभरचं तर मलमलीचं. पॉलिस्टरचा नंबर वेगळा. त्याला डेनियर म्हणतात आणि तो सरळ चालतो. नंबर मोठा तर धागा जाड. महादू नावाच्या नव्या कामगाराने एकदा या दोन नंबरांची गल्लत केली आणि उभ्या धाग्यांचा अख्खा बीम वाया घालवला. मजीदने त्याला सगळ्या खात्यासमोर झापलं होतं, "विचारायला जीभ झडली होती तुझी?"

दोन वर्षांपूर्वी मालकाने लूम भंगारात काढले. क्रेनने उचलून ट्रकात टाकले तेव्हा मजीद बघायला गेला नाही. त्याच सुमारास नूरीच्या हृदयात स्टेंट बसला. गेल्या डिसेंबरात तिचा चेहरा सुजायला लागला, केस गळायला लागले, भर दुपारी तिला थंडी वाजायची. रक्त तपासलं. थायरॉइड मंद झालं होतं.

डॉक्टर विनिता मॅडमनी पंचवीसची गोळी लिहून दिली. "चाचा, यांचं हार्ट नाजूक आहे. म्हणून अगदी हलक्या डोसने सुरुवात करू. धडधड झाली, घाम आला, हात थरथरले तर मला सांगायचं. आपल्या मनाने नंबर बदलायचा नाही."

सहा आठवड्यांनी, तीन फेब्रुवारीला, मजीद नूरीला आणि दुसरा रिपोर्ट घेऊन गेला. रक्तातला टीएसएचचा आकडा चौदावरून नऊवर आला होता. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे तर अजून कमी झालं."

"कमी झालं म्हणजे चांगलं झालं. हा नंबर वाढतो तेव्हा शरीरातलं थायरॉइड कमी पडत असतं. थायरॉइडचं गणित उलटं असतं, चाचा."

मजीदने सूत पारखावं तशी चिमटी चोळली. मग हसला. "म्हणजे सुतासारखं. नंबर वर, धागा बारीक."

मॅडमना काउंटचं माहीत नव्हतं. त्याने समजावलं, आणि त्याही हसल्या. "बरोब्बर. आता मी हे सगळ्या पेशंटना सांगणार. पंचवीसच चालू ठेवा. पाच मेला पुन्हा तपासू."

घरी येईपर्यंत तो खुशीत होता. रिक्षातून उतरताना नूरीला म्हणाला, "इतके डॉक्टर झाले, एकानं नीट सांगितलं न्हवतं. आपल्याच धंद्याची गोष्ट हाय."

"मग टाका दवाखाना," नूरी म्हणाली.

पंधरा दिवसांनी रमजान लागला. नूरीने हट्टाने रोजे धरले. गोळी आता पहाटेच्या सेहरीआधी अर्धा तास. दिवसाचा चहा बंद झाला, झोप मोडली. चौथ्या रोजाला दुपारी ती भिंतीला टेकून बसली. "छातीत कबुतर फडफडतंय."

मजीदने दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम सोमवारी येतील, पेशंटला घेऊन या." तो शनिवार होता. मजीद वही उघडून बसला. धडधड, म्हणजे गोळी जड पडतेय. जड गोळी हलकी करायला हवी. मॅडम म्हणाल्या होत्या नंबर बदलू नका, पण ते वाढवण्याबद्दल असणार. कमी करण्यात कसला धोका? आता हलकी कोणती? तापाच्या गोळीत पाचशेपेक्षा साडेसहाशेची जोरदार, हे त्याला माहीत होतं. त्याने तोही विचार केला. पण ती तापाची गोळी. ही थायरॉइडची, आणि थायरॉइडचं गणित उलटं असतं, हे मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या. पंचवीस जाड. पन्नास त्याहून बारीक.

नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, "पन्नासची दे." काउंटरमागच्या माणसाने चिठ्ठी मागितली नाही. मजीदने "हलकी दे" म्हटलं असतं तर कदाचित त्याने वर पाहिलं असतं. पण ज्याला नंबर कळतो तो नंबरानेच मागतो.

संध्याकाळी रमशा ड्युटीवरून आली. ती बायपासजवळच्या गोदामात आलेल्या मालाची नोंद करायची. दिवसभर खोक्यांवरचे आकडे वाचून तिचे डोळे शिणलेले असायचे. तिला नवी बाटली दिसली.

"अब्बा, गोळी बदलली?"

"कमी केली. तिला धडधडत होतं."

"बरं केलंत," रमशा म्हणाली आणि इफ्तारीची फळं कापायला बसली.

सोमवारी नूरीला बरं वाटत होतं. "रोज्यात रिक्षाचे धक्के खाऊ? कबुतर उडालं माझं," ती म्हणाली. ती दवाखान्यात गेली नाही. पुढच्या तीन आठवड्यांत तर तिच्या अंगात जीव आला. चेहऱ्याची सूज उतरली. ईदच्या शीरखुर्म्याला तिने स्वतः सुका मेवा चिरला. मजीदने वहीत लिहिलं: पन्नास, तब्येत उत्तम.

ईदनंतर कबुतर परत आलं. यावेळी ते उडेना. मजीदने पंचाहत्तरची आणली. मार्चअखेर नूरीचे हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना. ब्लाउज ढिला झाला. पंख्याखाली बसूनही तिच्या कपाळावर घाम असायचा.

"ऊन किती हाय या वर्षी," ती म्हणायची.

"मॅडमना दाखवून येऊ."

"पाच मेला जायचंच हाय ना. तुमी कमी करताय तेवढं बस."

सहा एप्रिलला त्याने शंभरची बाटली आणली. मलमलीचा नंबर. याहून बारीक काही नसेल, असं त्याला वाटलं. खण उघडून त्याने आधीच्या बाटल्यांशेजारी ती ओळीत ठेवली. कॅलेंडरवर पाच मेच्या चौकटीत लाल पेनने 'रक्त' लिहिलेलं होतंच.

अठ्ठावीस एप्रिलला सकाळी सव्वासहाला अर्ध्या तासाचा गजर वाजला. मजीदने चहाचा कप नूरीच्या हातात दिला. तिने धरला. मग कप तिरपा झाला आणि चहा तिच्या मांडीवर सांडत राहिला. ती ओरडली नाही. चहा चांगला गरम होता.

"नूरी, अगं पोळेल!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तोंडाची उजवी बाजू खाली आली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. जो आवाज निघाला तो मजीदने कधी ऐकला नव्हता. कुठल्याच बिघाडात तसा आवाज नसतो.

ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचायला पावणेदोन तास लागले. हृदयाची लय बिघडून आत रक्ताची गुठळी झाली होती आणि ती मेंदूत जाऊन अडकली होती. तरुण डॉक्टरने विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

मजीद याच प्रश्नाची वाट पाहत होता. बाकी काही त्याच्या हातात नव्हतं; एवढं होतं. त्याने पिशवीतून चार बाटल्या काढून टेबलावर ओळीत ठेवल्या, शेजारी वही उघडून ठेवली. डॉक्टरने पानं उलटली. इतकी नीट लिहिलेली वही त्याने बहुधा पाहिली नसावी.

"डोस खूप भराभर वाढवलाय. कुणी वाढवला?"

"वाढवला न्हाय," मजीद म्हणाला. "कमी करत आणला."

डॉक्टरने मान वर केली. शेजारी उभ्या असलेल्या रमशाने शंभरची बाटली उचलली, मग पंचवीसची. दोन्ही हातांत धरून ती लेबलं वाचत राहिली. खोक्यांवरचे हजारो आकडे ती रोज वाचायची.

"अब्बा," ती म्हणाली, "ही चारपट आहे."

"थायरॉइडचं उलटं असतं."

"रिपोर्टचं, अब्बा."

मजीदने तिच्या हातातली बाटली घेतली, चष्मा वर सरकवला, आणि नंबर पुन्हा वाचला. त्याला समजायला वेळ लागला नाही. हा धंदा त्याचाच होता. रिपोर्ट काउंटात होता. गोळी डेनियरमध्ये होती. दोन्ही नंबर त्याने अडतीस वर्षं हाताळले होते, आणि यावेळी कुठला कशाचा हे कुणालाच विचारलं नव्हतं. महादूला झापणारी त्याची जीभ जागेवर होती.

घरी आल्यावर रमशा बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ आत राहिली. 'बरं केलंत' हे तिचे शब्द होते.

पाच मे उजाडला तेव्हा नूरी वॉर्डातच होती. रक्त तिथेच काढलं. टीएसएच जवळजवळ शून्यावर आला होता. विनिता मॅडम पुढच्या रविवारी मुद्दाम भेटायला आल्या. बाहेरच्या बाकावर मजीदशेजारी बसल्या.

"पहिली धडधड गोळीची नसावी, चाचा. उपास, झोप मोडलेली, चहा बंद. पुढची मात्र... हार्ट आधीच नाजूक होतं. नुसतं गोळीमुळेच झालं, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही."

"तुमी सांगाल?"

मॅडम म्हणाल्या, "उलटं असतं, असं मी म्हटलं होतं. कशाचं, ते नीट सांगायला हवं होतं."

"तुमी रिपोर्टचंच सांगितलं होतं," मजीद म्हणाला. "गोळीचं मी लावलं."

जूनमध्ये नूरी घरी आली. उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलणं गेलेलं. ते परत येईल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी दिलेलं उत्तर लांबलचक होतं, आणि रमशाने त्याचा अर्थ बापाला एका शब्दात सांगितला: नाही. थायरॉइडची गोळी मधे बंद होती. पण थायरॉइड मंदच होतं, त्यामुळे ती पुन्हा सुरू झाली. पंचवीस. मॅडमनी आकडा लिहिला, त्याखाली अक्षरात लिहिला आणि पुढे लिहिलं: 'मला विचारल्याशिवाय बदल नाही.'

मजीदने खणाची किल्ली रमशाला दिली. "आता तू बघ."

पहिल्या दिवशी रमशा ड्युटीला निघण्याआधी गोळी घेऊन बसली. नूरीने ओठ घट्ट मिटले. रमशाने गोंजारलं, रागावली, शेवटी रडली. नूरीने मान वळवली आणि दाराकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रमशाने बाटली बापासमोर आदळली.

"तुमच्याच हातून पाहिजे तिला. द्या."

तो आत गेला. नूरीने त्याला पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्यानंतर रोज असंच. रमशा बाटली काढायची, नंबर मोठ्याने वाचायची, एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची. तो उशाशी जाऊन बसायचा. नूरी तोंड उघडायची. डावीकडून आत ठेवावी लागे, नाहीतर गोळी बाहेर यायची.

जुलैमधल्या एका सकाळी त्याने तिला सांगितलं. रमशा निघून गेली होती. त्याने काही राखून ठेवलं नाही: काउंट, डेनियर, चार बाटल्या, नाक्यावरचं मेडिकल, फोन, सोमवार. "मी कमी करत न्हवतो, नूरी. दर वेळी वाढवत होतो. तुला धडधडलं की मी अजून वाढवली."

नूरी त्याच्याकडे बघत होती. तिला किती समजतं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. पूर्वी तिने एक टोमणा मारला असता आणि त्याला कळलं असतं की कुठे उभे आहोत. तो वाट बघत राहिला. गोळी त्याच्या तळहातावर घामाने ओली व्हायला लागली.

मग नूरीने डावा हात उचलला. त्याच्याकडे नाही, ग्लासाकडे. आणि रोजच्यासारखं तोंड उघडलं.

त्याने गोळी डाव्या बाजूला ठेवली. पाणी पाजलं, हनुवटी पुसली. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली. अर्ध्या तासाचा गजर लावला आणि तो वाजायची वाट बघत बसला.