थरथर जिरली

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आमच्या पिकअपने तेवढेही दाखवले नाहीत. दुकानातल्या काचा लादून ती मोठ्या रस्त्याला लागली आणि वेग वाढला, की तिच्या अंगात कापरं भरायचं. रिकामी असली की अगदी गरीब गाय. गाडी चालवायचे माझे धाकटे दीर. संध्याकाळी पायांना मुंग्या आल्या म्हणून दारातच बसकण मारायचे आणि म्हणायचे, "वहिनी, गाडी नाही, पिठाची गिरणी घेतलीय आपण."

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं, मग अलाइनमेंट, मग टायर बदलून दिले. थरथर होती तिथेच. कारण त्यांचा मेकॅनिक चालवून बघायचा ती रिकामी गाडी. काचा लादलेली गाडी ते आत घेतच नव्हते. फुटल्या तर निस्तरायचं कोणी? शेवटी तो म्हणाला, "लोड गाड्या थोड्या थरथरणारच, ताई. सवय होईल."

"दात दुखणारच, सवय होईल, असं सांगणारा डॉक्टर चालेल का तुम्हाला?" मी विचारलं. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. ह्यांचा जन्म काचा कापण्यात आणि बसवण्यात गेलेला. त्या धंद्याची शिकवण एकच: काच लोखंडाला भिडू द्यायची नाही, मध्ये रबर हवंच. खिडकी खडखडली, लाव रबर. दार वाजलं, लाव रबर. एका रविवारी ह्यांनी दुकानातल्या रबराच्या पट्ट्या काढल्या आणि सीटखाली, पायांखाली, दारांच्या कडांना, आरशाच्या मुळाशी, मागे काचा उभ्या करायच्या स्टँडखाली, जिथे म्हणून फट दिसली तिथे ठोसल्या. स्टिअरिंगलाही जाड गुंडाळी घातली.

"अहो, थरथर येतेय कुठून ते कोणी बघितलंय का? रोग रेड्याला नि इंजेक्शन पखालीला!"

"तुला नव्या वस्तूत खोट काढल्याशिवाय जेवण जात नाही," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भावजी शीळ घालत घरी आले. "वहिनी, पाळणा झालाय पाळणा!" एकाही काचेला तडा नव्हता. सर्व्हिस सेंटरची पुढची वेळ घेतली होती, ती ह्यांनी स्वतः फोन करून रद्द केली. सगळे खूश, मी एकटीच तोंड पाडून. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. आतापर्यंत गाडी निदान कण्हत तरी होती. आता तिचं काही बिघडलं, तरी आत बसलेल्यांना कळणार कसं? रोज निघताना मी विचारायचे, "नीट चालतेय ना?" दोघे भाऊ एकमेकांना डोळा मारायचे. "आल्या बघा आमच्या इन्स्पेक्टरबाई."

टेकडीपलीकडच्या नव्या दवाखान्याच्या काचा बसवायच्या होत्या. काम मोठं, म्हणून दोघेही निघाले. केबिनमध्ये दोनच सीट, तेव्हा मी जेवणाचे डबे आणि काचा चिकटवायच्या सिलिकॉनच्या नळ्या घेऊन स्कूटरवर गाडीच्या मागोमाग. सकाळ छान होती. चढ संपला, माथ्यावरचा सपाट रस्ता आला आणि भावजींनी वेग वाढवला.

तेव्हा मला ते दिसलं. ह्यांच्या बाजूचं मागचं चाक. ते सरळ फिरतच नव्हतं. आत झुकायचं, बाहेर झुकायचं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. वर गाडी मात्र शांत. काचा उभ्या स्टँडवर जागच्या जागी.

मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. दिवा चालू-बंद केला. खिडक्या बंद, कडांना रबर, आत काय ऐकू जाणार! पुढे जावं तर समोरून ट्रकमागून ट्रक येत होते. आणि पलीकडे उतार सुरू होत होता, वळणावळणाचा. ह्या दोघांशिवाय माझ्या घरात आहे कोण?

अखेर आरशात ह्यांनी मला पाहिलं. आरसाही कसा, अगदी स्थिर. हे हसले. भावजींकडे वळून काहीतरी बोलले, तेही हसले. खिडकी खाली झाली.

"चाक!" मी ओरडले. "अहो, चाक बघा! थांबा!" हेल्मेटमध्ये माझा आवाज मलाच मोठा वाटला. वारा समोरून होता.

त्यांना वाटलं, मी रोजचंच विचारतेय.

ह्यांनी हात बाहेर काढला, पंजा पसरला आणि मला दिसावा म्हणून तसाच अधांतरी धरून ठेवला. बघ, जरा तरी हलतोय का?

हात अजिबात हलत नव्हता. गाडी उताराला लागली.