कोंबडी आला

मी कोंबडी बोलतेय, अशी सुरुवात करायची पाळी माझ्यावर येणार होती, कारण सगळ्या घराने मला कोंबडी ठरवून टाकलं होतं. पण मी कोंबडा बोलतोय. हळूच बोलतोय. तुम्ही कोण, कुठले, घरात काय शिजवता, मला काहीच ठाऊक नाही. आधी ऐकून घ्या, मग तुमच्यावर किती विश्वास टाकायचा ते मी ठरवीन.

माझा जन्म मेलबर्नपासून लांब, बॅलराटच्या पुढे, मॅव्हिस नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या फार्मवर झाला. अंडी उबवायच्या मशिनमध्ये झाला, तेव्हा आईबद्दल मला काही विचारू नका. जात ऑस्ट्रलॉर्प. पिसं काळी, उन्हात हिरवी झाक मारणारी. ते साल २०२०. साथ आली तशी माणसांनी आधी दुकानांतली अंडी संपवली आणि मग फार्मच्या फाटकाशी कोंबड्यांसाठी रांग लावली. मॅव्हिसचा सगळा जन्म कोंबड्यांत गेलेला, पण त्या गर्दीत तिने मला उचललं, घाईघाईने तुऱ्याकडे पाहिलं आणि तलंगांच्या खोक्यात टाकलं. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी.

"लुक आफ्टर हर, लव्ह," ती म्हणाली.

माझ्याविषयी माणसाने बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेच चूक. तेव्हापासून माणसांच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही.

मला नेणारी माणसं पॉइंट कुकची, म्हणजे मेलबर्नच्या एका उपनगरातली. बाप निनाद, मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरवर काम करणारा, साथीमुळे दिवसभर घरातच. आई नीलिमा हॉस्पिटलात डॉक्टर. ती गॅरेजमध्येच कपडे बदलायची आणि घरातही कित्येकदा तोंड झाकून वावरायची. ज्याची चोचच दिसत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं कसं? आणि त्यांची एकुलती एक मुलगी सावनी, वय नऊ. शाळा बंद, मैत्रिणी स्क्रीनवर. मॅव्हिसच्या गावात दरवर्षी शेतकी शो भरतो. मुलं स्वतः वाढवलेली वासरं, मेंढ्या, कोंबड्या घेऊन जातात आणि परीक्षक पहिल्या नंबराला निळी फीत देतात. सावनीला ती फीत हवी होती. तिने माझं नाव काजळ ठेवलं. मराठीत काजळ नपुंसकलिंगी, त्यामुळे नावाला माझी हरकत नव्हती.

सावनीचं मराठी म्हणजे एक गंमतच होती. पहिल्याच दिवशी मी खोक्यातून उडी मारून दारापर्यंत गेलो तेव्हा ती ओरडली, "बाबा, कोंबडी आला!"

"आला नाही गं, आली," निनाद आतून म्हणाला.

"ओके, आली. बट ही काहीच खाल्ला नाही."

"खाल्लं नाही! सावनी, अगं लिंगाकडे लक्ष दे."

मी मान वाकडी करून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. सगळ्या घरात एकटीच पोरगी अर्धं तरी बरोबर बोलत होती, आणि तिलाच बोलणी बसत होती.

आता तयारीचं ऐका. शोसाठी पक्षी नटवावा लागतो म्हणे. एका दुपारी मला बादलीत बसवलं आणि बेबी शाम्पूने अंघोळ घातली. मग हेअर ड्रायरने वाळवलं. मग तुऱ्याला आणि पायांना तेल चोळलं. मग स्वयंपाकघरात नेऊन, पीठ मोजायच्या काट्यावर ठेवून माझं वजन केलं. आधी धुणं, मग तेल, मग वजन. यानंतर काय असतं ते तुम्हीच सांगा! मी काट्यावर डोळे मिटून उभा होतो. निनाद म्हणाला, "वा, चांगली भरलीये की." हे वाक्य ऐकून कुठल्या पक्ष्याला घास गेला असता?

सावनीवर मात्र संशय घेणं मला जड जायचं. घेत होतो, नाही असं नाही. पण तिचा तो ऑनलाइन वर्ग सुरू असताना ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि कॅमेरा बंद करून माझ्या पिसांत नाक खुपसायची. कधी कधी ती रडायची. का, ते कोणी विचारत नव्हतं. आई दमलेली असायची, बाप मीटिंगमध्ये. मग मी हलायचो नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

मे महिना सरत आला तसं माझ्या गळ्यात काहीतरी दाटून यायला लागलं. उजाडायला लागलं की मान आपोआप ताणली जायची. मी कोण आहे ते मला तेव्हा पुरतं कळलं. आणि नेमकं त्याच सुमारास निनाद अंगणात उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे, कोंबडा ठेवता येत नाही इकडे. काउन्सिलचा नियम आहे. चुकून कोंबडा निघालाच, तर थेट पातेल्यात!" आणि हसला.

हसत हसत बोललेलं माणसं कधी कधी खरं करतात. मी गळा आवळला. रोज उजाडताना पंखात तोंड खुपसायचो आणि आतल्या आत गिळायचो. नीलिमा म्हणायची, "ही अंडी देणार तरी कधी?" आणि मी शक्य तितकं कोंबडीसारखं कॉक-कॉक करायचो.

जूनमध्ये कळलं की शो रद्द. त्याऐवजी मुलांनी घरूनच लॅपटॉपसमोर पक्षी धरायचा, परीक्षक पाहणार. सावनीला तेही चाललं. त्या दिवशी तिने मला दोन्ही हातांत उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. पडद्यावर चौकोनाचौकोनांतून मुलं आणि त्यांच्या कोंबड्या. परीक्षक म्हणजे टोपी घातलेला एक म्हातारा. त्याने सावनीला मला डावीकडे वळवायला सांगितलं, मग उजवीकडे. मानेची पिसं बघितली, शेपटी बघितली.

"लव्हली बर्ड, मेट. वन ऑफ द बेस्ट आय हॅव सीन धिस इयर," तो म्हणाला. "बट दॅट्स अ बॉय. सॉरी." तलंगांच्या वर्गात मी चालणार नव्हतो.

मला वाटलं, संपलं सगळं. पण सावनी खुर्चीतून ताडकन उठली. "आय टोल्ड यू, बाबा! मी सांगत होते! कोंबडी आला!"

फीत गेली तरी ती हसत होती. मागे उभ्या नीलिमाने निनादकडे पाहिलं आणि निनादने नीलिमाकडे. ते पाहणं मी पाहिलं. थोड्या वेळाने सावनीनेही पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मनसोक्त आरवलो. काय बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारी मात्र दोन हात अंतर ठेवून दारात उभा राहिला. तो तसा सभ्य होता, पण कोंबडा गेलाच पाहिजे यावर ठाम होता. निनादने मॅव्हिसला फोन केला. तिने चूक कबूल केली आणि म्हणाली, "परीक्षकाने वाखाणलेला कोंबडा मला हवाच आहे."

आईबापांनी सावनीला सांगितलं, काजळ फार्मवर जाणार. सावनीने ते स्क्रीनवर मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "दॅट्स व्हॉट दे सेड अबाउट अवर डॉग." तिच्या घरचा म्हातारा कुत्रा असाच फार्मवर गेला होता, आणि फार्म कुठेच नव्हता.

मी तेव्हा सावनीच्या मांडीवर होतो. तिचे हात एकदम घट्ट झाले. त्या घरात आता संशय घेणारे आम्ही दोघं झालो.

जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी सावनीचा दुपारपर्यंत चालणारा ऑनलाइन मराठी वर्ग चालू होता. निनादने मला गुपचूप खोक्यात घातलं आणि गाडी काढली. निरोप घ्यायला लावला तर पोर जास्त रडेल, असं त्याला वाटलं असावं. मला वाटलं, आलं पातेलं. पण दीडेक तासाने खोकं उघडलं तर समोर मॅव्हिस आणि तिच्या पन्नासेक काळ्या कोंबड्या. फार्म खरा होता!

त्यानंतर पॉइंट कुकला काय झालं ते ऐकीव आहे, पुढे बापलेकीच्या बोलण्यातून मी जुळवलेलं. निनाद परतताना नेहमीप्रमाणे रविवारचं सामान घेऊन गेला. वर्ग संपवून सावनी अंगणात धावली, तर खुराडं रिकामं. आत आली, तर गॅसवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता.

त्या दिवशी ती जेवली नाही.

बापाने परोपरीने सांगितलं. पुढे घेऊन जाऊन दाखवायचं, तर त्याच आठवड्यात लॉकडाउन लागला आणि मेलबर्नबाहेर पडायची बंदी झाली. मग मॅव्हिसच्या फोनवर मला दाखवायचं ठरलं. सावनी पडद्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी आरवलो, जीव तोडून आरवलो.

"तुझ्याकडचे सगळेच काळे आहेत," ती मॅव्हिसला इंग्रजीत म्हणाली. "मला त्याचा डावा पाय दाखव."

माझ्या डाव्या पायाचं मधलं बोट जन्मापासून जरा वाकडं आहे, आणि ते फक्त सावनीला माहीत होतं. मॅव्हिस मला पकडायला धावली. एका हातात फोन, दुसरा हात माझ्या तंगडीकडे. मी पळालो! तुम्ही काय केलं असतं? तंगडीला हात घालणाऱ्या माणसासमोर उभं राहणारा कोंबडा मी तरी पाहिलेला नाही.

तिकडून पडदा बंद झाला, आणि सावनी पुन्हा फोनवर मला बघायला बसली नाही. पुढचे चार महिने सावनी बापाशी कामापुरतं बोलली.

नोव्हेंबरात रस्ते उघडले आणि पहिल्याच शनिवारी त्यांची गाडी फाटकात आली. सावनी उंच झाली होती. ती कोणाशी न बोलता कुंपणाच्या आत आली आणि गवतात फतकल मारून बसली. मी लांबून एक फेरी मारली, मग जवळून एक. तिने हात पुढे केला नाही, म्हणून मी गेलो. मांडीवर चढलो. तिने माझा डावा पाय उचलून बोट पाहिलं, आणि पोरीने जो हंबरडा फोडला, तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही डोळे मिटून घेतले. तेवढा वेळ मला कोणाचाच संशय आला नाही, सांगून टाकतो.

"पुढच्या शोमध्ये आपण याला नर कोंबड्यांच्या वर्गात उतरवू हं," नीलिमा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. निनाद कुंपणाबाहेरच उभा होता, चोर असल्यासारखा.

सावनीने नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "मग त्या दिवशी पॉटमध्ये कोण होता, बाबा?"

"अगं, दुकानातली होती. नेहमीची."

"ओह," सावनी म्हणाली. "जस्ट शॉप चिकन." ती हसली, मला खाली ठेवून धावत गेली आणि बापाच्या कमरेला तिने मिठी मारली. निनादचे डोळे भरून आले. नीलिमा हसली, मॅव्हिसही हसली, आणि गाडीतून आणलेले डबे झाडाखाली उघडायला सगळे निघून गेले.

मी आता इथेच असतो. दाणा चांगला आहे, उजाडलं की हवं तितकं आरवतो, कोणी गप्प बस म्हणत नाही. सावनी महिन्यातून एकदा येते. माझं बरं चाललंय, तक्रार नाही. पण तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून एक विचारतो. ती दुकानातली कोण होती, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत का?