जिथे दोन्ही वक्रता सारख्या

लतिकाची सिद्धता पुरी झाली, पण ती सांगायची कुणाला? विद्यापीठाच्या गणित विभागात पृष्ठभागांची भूमिती करणारी ती एकटीच उरली होती. शेवटी तिनं रामदासपेठेतल्या खोलीवरून भिवापूरला आईला फोन लावला.

"आई, झालं माझं काम!"

"कोणतं वं?"

"टरबूज कसं असते? लांबीकडून कमी वाकते, आडवं जास्त. कोणत्याही पृष्ठभागाले जागोजागी अशी दोन वाकणं असतात, सगळ्यात कमी अन् सगळ्यात जास्त. त्या दोन्हींत एक ठरलेलं नातं असलं, म्हणजे एक कळलं की दुसरं कळलं, तर तो बंद, बिनभोकाचा आकार कुंभाराच्या चाकावर घडवल्यासारखा गोलच निघते. मी घेतलेल्या नात्यांसाठी हे सिद्ध झालं."

"बरं झालं बाई. जेवली का? इकडे मिरचीचा तोडा सुरू आहे, बाया वाट पाहून राहिल्या."

फोन ठेवल्यावर खोली आणखीच सुनी वाटली. मग ती धंतोलीला निघाली. तिला ही भूमिती शिकवणारे देवतळे सर अर्धांगाच्या झटक्यानं तिथल्या एका दवाखान्यात होते. माणसं त्यांना ओळखू येत नव्हती, बोलणंही तुटक झालं होतं.

"ही लतिका आली," सरांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या.

सरांनी परक्यासारखं पाहिलं. लतिकाला वाटलं, उठून जावं. पण दुसरं होतं कोण? ती खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या पायरीपासून सांगू लागली. सर खिडकीकडे पाहत होते. ऐकतात की नाही, कळत नव्हतं. तिचं सांगून झालं. ती पर्स उचलू लागली, तेवढ्यात ते म्हणाले,

"दोन्ही... सारख्या? तिथं काय केलं?"

लतिकानं पर्स खाली ठेवली. टरबुजाच्या टोकाशी सगळ्या दिशांनी वाकण सारखंच असतं. अशा बिंदूंवर दोन वक्रतांतला फरक शून्य होतो, आणि तिनं एका ओळीत त्याच फरकानं भागलं होतं. शून्यानं भागलं होतं! सगळा डोलारा त्या ओळीवर उभा होता.

"चुकलं सर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिला तिच्या कामातलं काही विचारलं होतं. सर पुन्हा खिडकीकडे वळले होते.

सगळा उन्हाळा ती त्या बिंदूंभोवती घुटमळत राहिली. वक्रतांमधली काही नाती सोडून द्यावी लागली. उरलेल्यांसाठी वेगळी वाट सापडली, तिनं ती उलटसुलट तपासली, आणि या वेळी ती टिकली. ती सरांच्या घरी गेली. मधल्या काळात दुसरा झटका येऊन गेला होता. वाचा पार गेली होती. तरी तिनं सगळं सांगितलं, आणि त्या बिंदूंपाशी थांबून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून पडले होते.

"झालं का वं तुझं काम?" कुसुमताईंनी विचारलं.

"झालं, ताई."

"मंग तोंड काहून उतरलं?"

लतिकानं सरांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. कुसुमताईंनी सरांची उशी सारखी केली, आणि लतिकानं त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवायला हात लावला.